पाणी मारायचे दिवस

त्या खोलीच्या दारावर लाल ऑइलपेंटनं
‘धोकादायक’ लिहिलंय, ते अक्षर माझं.
पेंटर आला नव्हता, म्हणून मीच ब्रश धरला;
‘धो’ मोठा झाला, ‘यक’ला जागाच उरली नाही.

करंजमळ्याची शाळा, विट्यापासून बावीस किलोमीटर.
दोन खोल्या, एक व्हरांडा, एक कुलूप.
सहा वर्षं पहिली ते चौथी एकाच खोलीत
चार भिंतींकडे तोंड करून बसली;
मधोमध वनमालाबाई, गोल फिरत,
एका भिंतीला बेरीज, दुसरीला शुद्धलेखन.

मी दरवर्षी यायचो.
भेगेत आधी नख घालून बघितलं, मग पेन, शेवटी बोट.
अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता,
मार्च.
एप्रिलला पुन्हा पहिल्या पानापासून,
नव्या दरसूचीनं.

आबासो हसबे कोइमतुरात सोनं गाळतात.
जत्रेला आले तेव्हा चाळीस हजार घेऊन
माझ्या टेबलापुढे उभे राहिले.
मी म्हणालो, लेखाशीर्ष नाही, पावती कशी फाडू?
ते म्हणाले, साहेब, आमी राखंतनं सोनं काढतो,
तुमच्यानं सोन्यातनं पावती निघंना.

दिवाळीनंतर एक कागद आला. दीड पान.
छोटी दुरुस्ती शाळा समितीच्या ठरावावर,
श्रमदान चालेल, वस्तुरूप देणगी चालेल,
‘अभियंत्याने मार्गदर्शन करावे.’
दोनदा वाचला.
सव्वीस वर्षं मला फक्त ‘खुलासा करावा’ माहीत होतं.

रविवारी गेलो, घरच्या चपलांत.
हैदर मुलाणींनी हातात थापी दिली,
माझा पहिला थर बघितला आणि खरवडून काढला.
‘सायेब, ह्यो शेरा न्हवं. दाबून लावा.’

पारूबाई गेजगे स्वतःचं घमेलं घेऊन आल्या,
कुणाला हात लावू देईनात.
दहावीत दोनदा बसलेला लोहारांचा विजय
वाळू चाळता चाळता म्हणाला,
त्या कोपऱ्यात मी ओणवा असायचो.
तो कोपरा त्यानंच मागून घेतला.

खोटं कशाला, मी चिडलोही.
ओळंबा न लावता कुणी वीट ठेवली की पोटात गोळा यायचा.
नियम काही वाईट माणसांनी केले नव्हते.
नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या एका तालुक्यात,
शाळेची भिंत पडली. रात्री पडली, म्हणून.
त्या ‘म्हणून’मधून निघालेत माझे सगळे फॉर्म.

लिंटेल ओतलं आणि गावाला घाई सुटली.
सरपंच म्हणाले, आठवड्यात टेकू काढू,
सव्वीस तारखेला झेंडा, नवी खोली, फोटो.
आता सगळं शिथिल झालंय न्हवं?
मी म्हणालो, नाही.
कागद शिथिल झालाय.
सिमेंटला परिपत्रक वाचता येत नाही.

सगळे गप्प. जुना साहेब परत आला,
असंच वाटलं असणार त्यांना.
हैदरभाई तेवढे मान न वळवता म्हणाले,
‘बराबर हाय. पानी मारा.’

ते काम मग चौथीकडे गेलं.
प्रार्थनेआधी एकदा, शाळा सुटताना एकदा,
टँकरच्या गावात प्रत्येकी एक तांब्या, घरून आणलेला.
वाटेत सांडतो तो रस्त्याच्या खात्यावर.
रेश्मा गेजगे ओल्या गोणपाटाशेजारी
रोज खडूची एक रेघ ओढते.
एकविसाव्या रेघेखाली मी सही करायची, असं तिनं ठरवलंय.

झेंडा व्हरांड्यातच झाला.
फोटोत टेकू आलेत, सरपंचांपेक्षा उंच.

दारावरचं लाल अक्षर अजून आहे.
ते पुसायचा अधिकार कुणाला, हे दीड पानात नाही.
काल बघितलं, माझ्या ‘धो’च्या आधी
कुणीतरी खडूनं आणखी एक ‘धो’ काढलाय,
आणि वर तिरप्या तिरप्या रेघा.
आमच्याकडे तसा पडतो तो
फक्त पुस्तकात.